अर्धशिशीचं औषध: रक्तवाहिनीकडून मज्जातंतूकडे

लॅस्मिडिटान हे अर्धशिशीवरचं औषध. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याला मंजुरी दिली आणि एकदाचं गंगेत घोडं न्हालं. रक्तवाहिनी न आकसवताही अर्धशिशी थांबते, ही कल्पना पचायला मात्र त्याआधी बराच काळ जावा लागला होता.

रक्तवाहिनी आकसवली तरच अर्धशिशी थांबते, या जुन्या समजुतीचं मूळ एर्गोटामाइन या औषधात आहे. राय धान्यावरच्या अरगट बुरशीतून आर्थर श्टोलने बाझेलच्या सँडोझ कंपनीत १९१८ साली ते वेगळं काढलं. पुढे १९३८ मध्ये ग्रॅहॅम आणि वुल्फ या संशोधकांनी कानशिलावरच्या धमनीचे ठोके नोंदवले. एर्गोटामाइन दिलं की ठोक्यांचा जोर कमी व्हायचा आणि ठणकाही उतरायचा. मग निष्कर्ष निघाला, फुगलेली धमनी दुखते, तिला आकसवा.

सेरोटोनिन हे शरीरातलंच रसायन हाती आलं १९४८ मध्ये. ते शिरेतून दिल्यावर डोकेदुखी उतरते हे १९६०च्या दशकात दिसलं. पण धाप लागणं, मळमळ असा त्रासही व्हायचा. ग्लॅक्सो या औषध कंपनीत संशोधक पॅट्रिक हम्फ्री १९७२ पासून त्याच्या मागे लागले. कुत्र्याच्या पायातल्या शिरेचा तुकडा सेरोटोनिनला वेगळ्याच रिसेप्टरमार्फत (रसायनाचा संदेश पकडणारा पेशीवरचा रेणू) प्रतिसाद देतो, हे त्यांच्या गटाला दिसलं. तोच रिसेप्टर हेरून सुमाट्रिप्टान तयार झालं आणि १९९१ मध्ये बाजारात आलं. असंख्य रुग्णांना त्याने अंधाऱ्या खोलीतून बाहेर काढलं, यात शंका नाही. पण सेरोटोनिनच्या ज्या १बी प्रकारच्या रिसेप्टरवर ते काम करतं, तो हृदयाच्या धमन्यांवरही असतो. त्यामुळे हृदयविकार असलेल्यांना सुमाट्रिप्टानसारखी औषधं, म्हणजे ट्रिप्टान, वर्ज्य ठरली.

इलाय लिली या औषध कंपनीच्या संशोधकांनी मग सेरोटोनिनच्याच १एफ या रिसेप्टरकडे मोर्चा वळवला. तो चेहऱ्याच्या आणि डोक्याच्या वेदना वाहणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूवर सापडतो, पण त्याच्यामुळे रक्तवाहिनी आकसत नाही. एलवाय-३३४३७० या रेणूची रुग्णांवरची चाचणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. औषध लागू पडलं होतं. पण कुत्र्यांवरच्या दीर्घ प्रयोगात यकृताला इजा दिसली आणि काम थांबलं. माझ्या मते या साऱ्या कथेतला सर्वांत मोलाचा रेणू हाच. दुकानात कधी पोहोचला नाही, पण धमनीला हात न लावता डोकेदुखी जाते हे त्याने दाखवून दिलं.

लिलीकडचाच दुसरा रेणू, म्हणजे लॅस्मिडिटान, २००५ मध्ये कोल्युसिड या छोट्या कंपनीकडे गेला. चाचण्या रंगात आल्यावर लिलीने २०१७ मध्ये सुमारे ९६ कोटी डॉलर मोजून ती कंपनीच विकत घेतली. आपल्याच घरातली वस्तू इतकी महाग क्वचितच पडते!

हृदयाची धास्ती कमी झाली, पण हा रेणू मेंदूत सहज शिरतो आणि त्यामुळे चक्कर येते, गुंगी चढते. म्हणून गोळी घेतल्यावर आठ तास गाडी चालवायची नाही, ही सूचना त्याला जोडलेली आहे. अमेरिकेत त्याची गणना नियंत्रित औषधांत होते, अर्थात सर्वांत सौम्य, पाचव्या गटात.