स्थाननिष्ठ रेणवीय चित्रण (पचनसंस्थेचे कर्करोग)

गाठीतील कोणत्या पेशीत कोणती जनुके कामाला लागली आहेत, कोणती प्रथिने तयार होत आहेत, हे पेशींची जागा न हलवता टिपण्याची पद्धत. प्रचलित नाव 'स्पेशियल प्रोफाइलिंग'. अन्ननलिका, जठर, यकृत, स्वादुपिंड व मोठे आतडे यांच्या कर्करोगांत तिचा वापर प्रामुख्याने संशोधनासाठी होतो.

पूर्वी गाठीचा तुकडा वाटून त्यातला आरएनए (कामाला लागलेल्या जनुकाचा संदेश वाहणारा रेणू) एकत्र मोजत. पुढे एकेक पेशी वेगळी तपासता येऊ लागली, पण पेशी सुट्या करताना त्यांचा शेजार मोडे. जसे, पुण्यात तांब्याची भांडी घडवणारे किती, हे शिरगणती सांगेल. कसबा पेठेतल्या तांबट आळीत कोण कोणाला खेटून बसले आहे, हे आळीत गेल्यावरच दिसते. पुण्यातल्याच गणेशखिंडच्या एनसीसीएसमधून (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) देशभरच्या प्रयोगशाळांना सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवलेल्या पेशी, जातात. त्यांच्यावाचून कर्करोग संशोधन चालत नाही, तरी बशीत वाढणाऱ्या त्या पेशींना गाठीतला शेजार नसतो.

आणि शेजारावर पुष्कळ अवलंबून असते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात गाठीच्या गाभ्यात आणि कडेला टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) किती, यावरून रोग उलटण्याचा धोका जोखता येतो. 'इम्युनोस्कोर' चाचणी याच मोजणीवर उभी आहे. स्वादुपिंडाच्या गाठीभोवती तंतुमय ऊतींचे दाट कुंपण असते. टी-पेशी असतात, पण बऱ्याचदा कुंपणातच अडकतात. जठराच्या गाठीत हर-२ प्रथिन (उपचार ठरवताना तपासतात ते) एका कोपऱ्यात भरपूर, तर शेजारी अजिबात नाही, असे होते. म्हणून एकाच जागेच्या बायोप्सीवर विसंबणे धोक्याचे.

२०१६ मध्ये स्टॉकहोमच्या संशोधकांनी काचपट्टीवर ठिपके बसवले आणि प्रत्येक ठिपक्याला डीएनएचा वेगळा संकेत दिला. ऊतीतला आरएनए ज्या ठिपक्याला चिकटेल, त्याचा पत्ता घेऊनच पुढे जातो. नंतरच्या 'व्हिजियम' पट्टीवरचा ठिपका ५५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे त्यात अनेक पेशी मावतात. नव्या आवृत्तीत हे माप २ मायक्रॉनवर आले.

सुरुवातीला गोठवलेली ऊतीच लागे. आता पॅथॉलॉजीचा नेहमीचा ब्लॉकही चालतो. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला निघालेले नातेवाईक फाइलसोबत जपून नेतात तोच मेणाचा ठोकळा. मायक्रोटोमवर (पातळ काप काढण्याच्या यंत्रावर) त्याचा सुमारे ५ मायक्रॉनचा काप काढून कोमट पाण्यावर तरंगवतात आणि सुरकुती पडू न देता काचेवर उचलतात. मात्र ऊती फॉर्मेलिनमध्ये (ती टिकवण्याच्या द्रावणात) उशिरा पडली किंवा फार काळ राहिली, तर आरएनए तुटलेला असतो आणि महागडे यंत्रही तो परत आणू शकत नाही. म्हणून शस्त्रक्रियेनंतर नमुना बरणीत किती वाजता पडला, ही वेळ फॉर्मवर लिहिलेली असणे फार मोलाचे.