बंदरात ड्रिंक पॅकेज चालतं का?

सांगलीत क्रूझची चौकशी करणाऱ्या बऱ्याच जणांचा एक समज पक्का आहे: ड्रिंक पॅकेज, म्हणजे आधीच ठरावीक पैसे भरून बोटीवर पेयं घेण्याची सोय, घेतलं की सगळी सहल पिणं मोफत, बंदरातसुद्धा. हे खरं नाही.

पॅकेज बोटीवरच्या बारपुरतं असतं. किनाऱ्यावर साधं शहाळं घेतलंत तरी पैसे खिशातले. अपवाद आहेत, रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीच्या कोकोके या खासगी बेटावर त्यांचं पॅकेज चालतं. शिवाय बोट धक्क्याला असताना तिथला कायदा लागू होतो आणि काही बंदरांत पॅकेजमधल्या पेयावरही स्थानिक कर वेगळा लागतो.

खरा फटका हिशोबात बसतो. पॅकेज सहसा पूर्ण सफरीचं घ्यावं लागतं. सातपैकी चार दिवस तुम्ही दिवसभर किनाऱ्यावर भटकणार, तरी पैसे सातही दिवसांचे. वर साधारण 18 ते 20 टक्के सेवाशुल्क. कार्निव्हल या क्रूझ कंपनीच्या 'चीअर्स' पॅकेजमध्ये 24 तासांत मद्याचे 15 पेले ही मर्यादा आहे, आणि केबिनमधल्या एकाने ते घेतलं तर 21 वर्षं किंवा त्याहून मोठ्या इतरांनाही घ्यावंच लागतं. नवरा बिअर घेणारा, बायको लिंबू सरबतावर खूश, अशी जोडपी आपल्याकडे कितीतरी. त्यांनी पॅकेज घेऊच नये, लागेल तसं विकत घ्यावं.