'मिक्सिंग'चं एडिटिंग कसं झालं : कोल्हापुरातल्या संगणक-निवडीची पार्श्वभूमी

कोल्हापुरात लग्नाचा व्हिडिओ अजूनही 'मिक्सिंगला', म्हणजे एडिटिंगला, जातो. शूटिंगवाला पोरगा दोन कॅमेऱ्यांची कार्डं टेबलावर ठेवतो आणि पलीकडचा माणूस संगणकावर एडियस हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडतो. मिक्सर नावाचं यंत्र त्या खोलीत गेल्या वीस वर्षांत कुणी बघितलेलं नसतं. तरी मुलीच्या वडिलांचा फोन आला की उत्तर ठरलेलं, "मिक्सिंग सुरू आहे काका, सोमवारी या." विंडोजचा पीसी घ्यावा का ॲपलचा मॅक, एडियस बरं का प्रीमिअर, का फुकटातलं रिझॉल्व्ह, हा वाद राजारामपुरीतल्या कुठल्याही स्टुडिओत चहाबरोबर निघतो, आणि त्याची मुळं या जुन्या शब्दापाशीच सापडतात.

नव्वदच्या दशकात मिक्सिंग युनिट म्हणजे व्हीएचएसचे दोन प्लेअर, एक रेकॉर्डर, दोन छोटे टीव्ही आणि मधे पॅनासॉनिकचा एमएक्स-५० मिक्सर. एका प्लेअरवर एक कॅसेट, दुसऱ्यावर दुसरी, आणि लीव्हर हाताने ओढायचा. अंतरपाट खाली आला की लीव्हर. वधूवरांचं चित्र बदामाच्या आकारात मिटत जायचं आणि मागून अंबाबाईचं देऊळ उघडायचं. हात बसलेल्या माणसाला भाव होता. पण झालेली चूक मागे घेण्याची सोय नव्हती. पाऊण तासाचं जोडून झाल्यावर कुणी म्हणालं, "मामांचा आहेर राहिला की," तर तिथून पुढचं सगळं परत उतरवायचं. नाहीतर तयार कॅसेटचीच कॉपी काढायची आणि मधे मामा बसवायचे. प्रत्येक कॉपीत चित्र मळायचं. तिसऱ्या कॉपीत लाल शालूचा रंग कडेने ओघळल्यासारखा दिसायचा.

गंमत म्हणजे याच गावात त्याआधी सत्तर वर्षं हे दुखणं नव्हतं. बाबूराव पेंटर मूळचे मेस्त्री. कॅमेरा बाहेरून मिळण्याची वाट न बघता दामल्यांना हाताशी धरून त्यांनी तो इथेच घडवला, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० साली पडद्यावर आला. पुढे १९२९ साली 'प्रभात' फिल्म कंपनी निघाली तीही कोल्हापुरातच. १९३३ ला ती पुण्याला गेली. बोलपटाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर एका फुटात १६ चौकटी, सेकंदाला २४, म्हणजे मिनिटाला ९० फूट. हवी तिथे कातर लावायची, तुकडा काढायचा, दुसरा चिकटवायचा, पुढच्या रिळाला धक्का नाही. मधलं काहीही केव्हाही बदलायची ही मोकळीक टेपने काढून घेतली आणि संगणकाने परत दिली. या मोकळिकीचं 'नॉन-लिनिअर' हे नाव नवं वाटतं, पण संकलकाच्या टेबलावर ते पहिल्यापासून तसंच चालत होतं.

संगणकाने ही मोकळीक परत दिली ती मात्र मॅकवर. ॲव्हिड कंपनीचं संकलनाचं यंत्र १९८९ साली बाजारात आलं ते मॅकिंटॉशवर. अडोबीचं प्रीमिअर डिसेंबर १९९१ मध्ये निघालं तेही मॅकसाठी. विंडोजवर ते १९९३ साली आलं. मधल्या काळात अमेरिकेत अमिगा संगणकावरच्या 'व्हिडिओ टोस्टर'चा बोलबाला होता. १९९० चं हे कार्ड स्टुडिओभर यंत्रांचं काम एकटं करायचं. पण ते चालायचं टीव्हीच्या तिकडच्या एनटीएससी पद्धतीवर, सेकंदाला सुमारे ३० चौकटींच्या. आपल्याकडे पाल, सेकंदाला २५. सॉफ्टवेअर कितीही भारी असू दे, आपल्या कॅसेटशी त्याचं बोलणंच होत नव्हतं. निवडीचा प्रश्न तिथेच निकालात निघाला. पुढेही बहुतेक वेळा असंच झालेलं दिसतं: आधी कॅमेरा आणि टेप ठरते, मग त्यांना झेपणारं मशीन, आणि सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी.

मॅकवर जन्मलेला हा धंदा कोल्हापुरात विंडोजवर का रुजला? स्वस्ताई हे कारण आहेच, पण तेवढं पुरत नाही.

१९९५ साली डीव्ही, म्हणजे डिजिटल व्हिडिओ, आलं. छोटी कॅसेट, चित्र आकड्यांत साठवलेलं, फायरवायरची एक वायर लावली की जसंच्या तसं संगणकात. तासाभराच्या कॅसेटला सुमारे १३ जीबी जागा लागायची, आणि उतरवायलाही तासच लागायचा. विंडोज ९८ च्या फॅट-३२ डिस्कवर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नसे, म्हणजे एका फाइलीत अठरा-एकोणीस मिनिटं. सप्तपदीच्या मधेच फाइल तुटली म्हणून वैतागलेली माणसं मी बघितली आहेत. विंडोज एक्सपी आणि डिस्कची एनटीएफएस पद्धत आल्यावर ती कटकट गेली. पण एक चित्र दुसऱ्यात विरघळवायचं म्हटलं तरी, म्हणजे प्रत्येक डिझॉल्व्हला, तेव्हाचे प्रोसेसर रेंडर मागायचे, ते चित्र आधी बनवून ठेवायला वेळ घ्यायचे, आणि २००५ नंतरची काही वर्षं लोडशेडिंगची होती.

शाहूपुरीतल्या एका युनिटमधली रात्र आठवते. मित्राच्या बहिणीचं लग्न, सकाळी डीव्हीडी द्यायची, रेंडर ९० च्या घरात. लाइट गेली. इन्व्हर्टर होता, ट्यूबलाइट जेमतेम लुकलुकली. पण इन्व्हर्टरला बदलायला जो क्षणभर वेळ लागतो तेवढ्यात संगणक मात्र बंद पडून परत सुरू झाला. ट्यूबलाइटला चालतं ते संगणकाला चालत नाही, त्याला यूपीएस लागतो, हा धडा त्या रात्री शिकलो. मित्राची आई पहाटे चहा घेऊन आली तेव्हा आम्ही ३० टक्क्यांवर होतो.

अशा गावात कॅनोपसचं कार्ड म्हणजे देवच. जपानी कंपनी, डीव्ही-स्टॉर्म नावाचं, संगणकाच्या आत बसणारं पीसीआय कार्ड. बरेच इफेक्ट रेंडरशिवाय तिथल्या तिथे चालवून दाखवायचं. २००३ च्या सुमारास त्यांनीच एडियस काढलं. पुढे कंपनी ग्रास व्हॅलीकडे गेली, नाव बदललं, पण एडियस आजही फक्त विंडोजवरच चालतं. कार्ड विंडोजचं, म्हणून खोली विंडोजची.

दुसरं कारण फारसं कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते तेच मोठं आहे: मराठी अक्षरं. लग्नाच्या कॅसेटचं पहिलं टायटल 'चि.' ने सुरू होतं, आणि 'चि' ला ऱ्हस्व वेलांटी. ही वेलांटी लिहिताना आधी येते, उच्चारात आणि संगणकाच्या साठवणीत नंतर. देवनागरी न कळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोडने 'चि.' टाइप केलं की वेलांटी च च्या नंतर जाऊन बसायची. 'लक्ष्मी'चा तर पाय मोडलेलाच. यावर पुण्यातल्या कंपनीचं श्रीलिपी आणि सीडॅकचं आयएसएम हे उपाय होते. त्यांचे फॉन्ट अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवून काम भागवायचे. कोल्हापुरात ही सगळी व्यवस्था विंडोजवर होती. पत्रिका छापणारा, फ्लेक्सवाला आणि मिक्सिंगवाला यांच्याकडे फॉन्ट एकच, त्यामुळे पत्रिकेचा मजकूर पेनड्राइव्हवरून सरळ टायटलमध्ये यायचा. मॅक घेणाऱ्याला फॉन्टची पहिल्यापासून जुळवाजुळव करावी लागली असती. प्रीमिअरमध्ये भारतीय लिप्या नीट उमटायला फार उशीर लागला.

तिसरं कारण शेजारी. उद्यमनगरातल्या कारखान्यांत वाढलेल्या गावाला न उघडणारं यंत्र पटत नाही. पीसी बिघडला तर बाजूचा पोरगा रॅम काढून खोडरबराने घासून बसवतो. प्रोजेक्ट अडकला तर चार घरं पलीकडच्या युनिटमध्ये उघडतो, कारण त्याच्याकडेही तेच सॉफ्टवेअर आणि तेच रेडीमेड गाण्यांचे प्रोजेक्ट. ते 'तेच' कितीदा क्रॅक केलेलं होतं हे सगळ्यांना माहीत आहे. फुकट मिळालं म्हणून शिकलं आणि शिकलं म्हणून पसरलं, हेही इतिहासाचाच भाग आहे.

मुंबईत या काळात मोठ्या उलथापालथी झाल्या. फायनल कट प्रो हे मॅकवरचं संकलनाचं सॉफ्टवेअर १९९९ साली आलं. ते आधी मॅक्रोमीडियात घडत होतं, ॲपलने घेतलं. प्रीमिअर ज्याने घडवलं तो रँडी उबिलोसच या कामाच्या मागे होता. २००३ साली प्रीमिअर प्रोने मॅक सोडला, २००७ ला परत आलं. २०११ मध्ये फायनल कट प्रो टेन निघालं, आणि त्यात जुने प्रोजेक्ट उघडेनात म्हणून व्यावसायिक संकलक संतापले. लग्नाच्या धंद्याला याचा धक्काही लागला नाही. कोल्हापुरात मालिका, सिनेमांचं चित्रीकरण होतं, पण संकलन बहुधा मुंबईला जातं, त्यामुळे मॅकची सवय तिकडेच राहिली. इथे जाणवलं ते अडोबीने २०१३ साली सॉफ्टवेअर विकायचं सोडून सक्तीचं केलेलं भाडं. लग्नसराई वर्षात काही महिने आणि भाडं बाराही महिने, हे गणित कुणाला पटणार? रिझॉल्व्हचं नाव त्यानंतर ऐकू यायला लागलं. हे मुळात सिनेमाच्या रंगकामाचं, लाखो डॉलरचं यंत्र. ब्लॅकमॅजिकने ती कंपनी २००९ साली घेतली, २०११ पासून एक आवृत्ती फुकट दिली आणि मग हळूहळू त्यात संकलन भरलं. फुकट आवृत्तीला मर्यादा आहेत. लिनक्सवर तर ती एच.२६४ हा नेहमीचा व्हिडिओ प्रकार सुद्धा उघडत नाही, तेव्हा 'सगळंच फुकट' या आशेवर कुणी राहू नये.

आणि आज पुन्हा कॅमेराच ठरवतो आहे. ओळखीच्या एका पोराने गेल्या वर्षी लग्नसराईआधी जोरदार पीसी बांधला. ग्राफिक्स कार्ड एनव्हीडियाचं, महागाचं, पण इंटेलचा प्रोसेसर घेताना दीड-दोन हजार वाचवायला नावापुढे 'एफ' असलेला घेतला. नव्या मिररलेस कॅमेऱ्याचं १०-बिट ४:२:२ एच.२६५ फुटेज, म्हणजे जास्त रंग असलेलं पण घट्ट दाबून साठवलेलं चित्र, टाकलं आणि हळदीचा शॉट अडखळत चालू लागला. एनव्हीडियाच्या कार्डांना २०२५ मधल्या पन्नास मालिकेपर्यंत हा प्रकार हार्डवेअरवर उलगडता येत नव्हता. इंटेलमध्ये ती सोय प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला असते, आणि 'एफ' म्हणजे नेमकं ते ग्राफिक्स काढलेला प्रोसेसर. शेजारी त्याच्या बहिणीचा कॉलेजचा एम-वन मॅकबुक एअर होता. त्यावर तोच शॉट लोण्यासारखा चालला. पोरगा दोन दिवस गप्प होता.

मॅक काही त्याने घेतला नाही. प्रोजेक्ट शेजारच्या युनिटला द्यावे-घ्यावे लागतात, आणि तिथे एडियस आहे. रात्री प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या नकला, बनवायला लावून घरी जातो. लाइट हल्ली सहसा जात नाही.