म्युनिकचं स्थानिक पत्र नाझींचं मुखपत्र कसं झालं

‘फोल्किशर बेओबाख्टर’ हे नाझी पक्षाचं अधिकृत दैनिक. पण पत्राचं मूळ १८८७ सालचं आहे, म्हणजे हिटलरच्या जन्माच्याही आधीचं. ‘म्युन्शेनर बेओबाख्टर’ या नावानं ते म्युनिक शहरात निघे. तेव्हा ते एक छोटं साप्ताहिक होतं.

१९१८ मध्ये रुडॉल्फ फॉन सेबोटेनडॉर्फनं ते विकत घेतलं. तो ‘थुले सोसायटी’ या कडव्या ज्यूद्वेष्ट्या मंडळाचा पुढारी होता. पुढच्याच वर्षी नाव बदलून ‘फोल्किशर’, म्हणजे वंशाभिमानी राष्ट्रवाद्यांचं, असं करण्यात आलं. विष पेरायला सुरुवात झाली ती इथे. नाझी पक्ष नंतर आला.

डिसेंबर १९२० मध्ये कर्जात बुडालेलं हे पत्र पक्षानं १ लाख २० हजार मार्कांना घेतलं. पक्ष तेव्हा लहान होता, मग पैसा कुठून आला? त्यातले ६० हजार मार्क रिट्टर फॉन एप या सेनाधिकाऱ्यामार्फत लष्कराच्या निधीतून आले आणि त्यासाठी लेखक डीट्रिख एकार्ट जामीन राहिला. प्रजासत्ताकाच्या रक्षणासाठी पगार घेणाऱ्या लष्करानंच त्या प्रजासत्ताकाच्या शत्रूला छापखान्याची वाट मोकळी करून दिली. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत गंभीर वाटते ती हीच गोष्ट.

फेब्रुवारी १९२३ पासून पत्र दैनिक झालं. त्याच वर्षी आल्फ्रेड रोझेनबर्ग संपादक झाला, तर छपाई-प्रकाशनाचा कारभार माक्स आमानकडे होता. नोव्हेंबरमध्ये हिटलरनं म्युनिकमध्ये केलेल्या फसलेल्या उठावानंतर पत्रावर बंदी आली, पण फेब्रुवारी १९२५ मध्ये ते पुन्हा सुरू झालं.

याच शहरात ‘म्युन्शेनर पोस्ट’ हे समाजवादी दैनिक होतं. त्याच्या पत्रकारांनी हिटलरची कारस्थानं वर्षानुवर्षं उघडी पाडली. हिटलर त्या कचेरीला ‘विषाचं स्वयंपाकघर’ म्हणायचा. उठावाच्या रात्री त्याच्या माणसांनी तिथे तोडफोड केली. ९ मार्च १९३३ रोजी, सत्ता हातात आल्यावर, त्यांनी ती पुरती उद्ध्वस्त केली आणि पत्र कायमचं बंद पडलं. ‘डेर गेराडे वेग’ या नाझीविरोधी पत्राचे संपादक फ्रिट्झ गेर्लिख यांना त्याच दिवशी पकडलं, ३० जून १९३४ च्या हत्यासत्रात डाखाऊ छळछावणीत त्यांचा खून झाला. आपल्याकडे या पत्रकारांची नावं फारशी कुणी घेत नाही, ती घ्यायला हवीत.

ऑक्टोबर १९३३ च्या संपादक कायद्यानं पत्रकारितेसाठी ‘आर्य’ असणं सक्तीचं केलं. सरकारी वृत्तपत्र मंडळाचा अध्यक्ष आमानच होता, आणि त्या अधिकाराच्या जोरावर त्यानं जर्मनीतली बहुतेक वृत्तपत्रं पक्षाच्या प्रकाशनसंस्थेखाली आणली. १९४४ पर्यंत ‘बेओबाख्टर’चा खप १७ लाखांच्या आसपास गेला. शेवटचा अंक एप्रिल १९४५ च्या अखेरीचा.

रोझेनबर्गला ऑक्टोबर १९४६ मध्ये न्यूरेंबर्गला फाशी झाली. आमानला १९४८ मध्ये दहा वर्षं श्रमछावणीची शिक्षा झाली. तो १९५७ मध्ये म्युनिकमध्येच मेला.