गळ्याची चिठ्ठी आणि बाहीची शिलाई: जुन्या बँड टी-शर्टचं साल कसं कळतं

नागपुरातल्या बर्डीच्या फुटपाथवर एखाद्या रॉक बँडचा विटका काळा टी-शर्ट हाती आला, की छातीवरचं साल आधी वाचलं जातं. फसगत तिथेच होते. वर्तुळातल्या 'सी'पुढे छापलेलं १९८८ हे चित्राच्या स्वामित्व हक्काचं साल असतं. तेच चित्र वीस वर्षांनी पुन्हा छापलं तरी आकडा बदलत नाही. कापडाचं वय कापडावरूनच काढावं लागतं. एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, तेव्हापासून नागपूर गिरणीचं शहर. थानावरचा शिक्का वाचून माल ओळखणं काय असतं, हे इथे वेगळं समजवायला नको. टी-शर्टवर तो शिक्का म्हणजे गळ्यातली चिठ्ठी.

ही चिठ्ठी सालवार वाचता येते, कारण तिच्यावरचा मजकूर अमेरिकी कायद्यांनी टप्प्याटप्प्याने वाढवला. धाग्याचं प्रमाण टक्क्यांत लिहिणं १९६० पासून सक्तीचं झालं. धुण्या-वाळवण्याच्या सूचना जुलै १९७२ पासून आल्या. 'मेड इन यूएसए' लिहिण्याची सक्ती १९८४ च्या दुरुस्तीनंतरची. त्याआधीही काही कंपन्या लिहीत, त्यामुळे हे शब्द दिसले म्हणून माल १९८४ नंतरचाच असं ठरत नाही. सूचनांच्या जागी नुसती चिन्हं चालतील अशी मुभा १९९७ मध्ये मिळाली. शब्द एकही नाही आणि टब, त्रिकोण, इस्त्रीची चित्रंच असलेली अमेरिकी चिठ्ठी १९८० च्या दौऱ्याची असू शकत नाही. १९९४ मध्ये अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोचा नाफ्टा हा मुक्त व्यापार करार लागू झाला, शिवण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडे सरकली, चिठ्ठीवर स्पॅनिश आणि फ्रेंच दिसू लागलं. ब्रिटन-युरोपात शिवलेल्या मालाला मात्र ही मोजपट्टी लावू नये.

'आरएन' पुढचा आकडा पाहून लोक हुरळून जातात. तो कंपनीच्या नोंदणीचा क्रमांक आहे, टी-शर्टचा नव्हे. एकच कंपनी तोच आकडा अनेक दशकं वापरते. त्यावरून फक्त एवढंच कळतं, की माल त्या नोंदणीच्या आधीचा नाही. चिठ्ठीवरचं कंपनीचं नाव जास्त उपयोगी. स्क्रीन स्टार्सची निळी चिठ्ठी आणि ५० टक्के सुती, ५० टक्के पॉलिएस्टर असं पातळ कापड ही ऐंशीच्या दशकाची जोडी. ब्रॉकम हे नाव ऐंशीच्या अखेरीपासून नव्वदच्या मध्यापर्यंतच्या दौऱ्यांच्या मालावर सापडतं. हेन्सने २००२ मध्ये कापडी चिठ्ठीच काढून टाकली आणि मजकूर थेट कापडावर छापला.

शिलाईला सर्वांत जास्त वेळ द्यावा. बाहीचं टोक आणि खालचा घेर बाहेरून बघायचा. टाक्यांची एकच ओळ दिसली तर सिंगल स्टिच; दोन समांतर ओळी आणि आतून जाळीसारखी गुंफण दिसली तर दोन सुयांच्या फ्लॅटलॉक मशीनचं काम. अमेरिकी कारखान्यांत १९९३ ते १९९५ च्या सुमारास दुहेरी शिलाई सर्रास झाली, कारण ती ताण जास्त सोसते. हा बदल एका दिवसात झाला नाही. बाही दुहेरी आणि घेर एकेरी असे मिश्र नमुनेही मिळतात. आज नकली माल मुद्दाम एकेरी शिवला जातो, म्हणून एकेरी ओळ हा जुनेपणाचा पुरावा नाही. उलट दिशेने मात्र ती पक्की कामी येते: सत्तरच्या दशकातला म्हणून सांगितलेला टी-शर्ट दोन्हीकडे दुहेरी शिवलेला असेल, तर संशय घ्यावाच.

छपाईच्या भेगांवर फार भिस्त नको. प्लास्टिसोल शाई साधारण १६० अंश सेल्सिअसला पक्की होते. भट्टीत ती कच्ची राहिली तर नवा टी-शर्टही दोन-चार धुण्यांत तडकतो. खरी झीज छातीवर आणि घड्यांवर जास्त, कडेला कमी असते. पॉलिशपेपरने घासलेल्या चित्रावर सगळीकडे सारखे, एकाच दिशेचे ओरखडे उठतात. आणखी एक ताळा म्हणजे गळ्याची पट्टी. चित्र विरलंय, पण पट्टी घट्ट आणि काळी कुळकुळीत असेल, तर दोन्हींचं वय जुळत नाही.

भारतात वापरलेल्या कपड्यांच्या आयातीला परवाना लागतो. त्यामुळे आपल्याकडच्या ढिगात बहुधा तमिळनाडूतल्या तिरुपूरचा निर्यातीतून उरलेला माल असतो. कापड चांगलं, पण 'मेड इन इंडिया' चिठ्ठीवर ऐंशीच्या दशकातला अमेरिकी दौरा छापलेला दिसला, तर तो पुनर्मुद्रणच समजावा. भारतातल्या कार्यक्रमांच्या टी-शर्टचा ताळा सोपा: आयर्न मेडन पहिल्यांदा इथे वाजले ते १७ मार्च २००७ ला बंगळुरूत, मेटालिका ३० ऑक्टोबर २०११ ला, तेही बंगळुरूतच.

सगळ्या खुणा मांडल्यावर त्यांतली सर्वांत उशिराची खूण धरायची. चित्र १९८५ चं, चिठ्ठी नव्वदीतली, चिन्हं १९९७ नंतरची, तर टी-शर्ट १९९७ च्या आधीचा नाही. सरासरी काढत बसू नये.

काळा टी-शर्ट घेण्याआधी आणखी एक तपासणी राहते. जुन्या काळ्या कापडाला अनेकदा गंधकाचा रंग असतो. उष्णता आणि दमट हवेत त्यातून हळूहळू सल्फ्युरिक आम्ल तयार होतं आणि सुती धागा कुजतो. नागपूरचा पंचेचाळीस अंशांचा मे आणि मागोमाग पावसाळा या कापडाला फार वाईट. घेर आतल्या बाजूने दोन्ही हातांत धरून अगदी हलका ताणावा. कागदासारखा टरकन आवाज आला, तर साल कितीही जुनं निघो, तो टी-शर्ट अंगात घालण्याजोगा राहिलेला नाही. चांगला असेल तर पॉलिथिनमध्ये बंद करू नये. धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, सुती कापडात सैल गुंडाळून ठेवावा.