विमान किती हळू उडू शकते?

अलास्कातील व्हॅल्डीझ या गावी दर मे महिन्यात आखूड उड्डाणांची स्पर्धा भरते आणि तिच्या चित्रफिती आपल्याकडे मोबाइलवर वर्षभर फिरत राहतात. दोन आसनांचे लहानसे विमान चार-दोन पावले धावते आणि जागेवरून उचलल्यासारखे वर जाते. हे पाहून आपल्याकडच्या गप्पांत एक निष्कर्ष हमखास निघतो, तो असा की इंजिन तगडे असेल तर असे विमान जालन्याच्या किंवा बीडच्या एखाद्या रानातही सहज उतरेल आणि उडेल. या निष्कर्षात इंजिनाला फाजील श्रेय मिळते आणि पंखाचा कोणी विचारच करत नाही. शिवाय त्या स्पर्धेतील विमाने सोलून हलकी केलेली असतात, त्यांत एकटा वैमानिक बसतो, इंधन अगदी थोडे असते, गाव जवळजवळ समुद्रसपाटीवर आहे आणि हवा थंड असते, ही माहिती चित्रफितीत दिसत नाही.

आखूड धावपट्टीसाठी विमान निवडताना पहिला प्रश्न असा विचारावा, की हे विमान जास्तीत जास्त किती हळू उडू शकते. कारण साधे आहे. शून्यापासून ठरावीक वेगापर्यंत पोहोचण्यास लागणारे अंतर त्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि उतरल्यावर थांबण्यासही तोच हिशेब लागू होतो. वेग निम्मा झाला तर अंतर चौथाई होते. इंजिनाची ताकद दुप्पट केली तरी ते फार तर निम्मे होईल, आणि उतरताना तर त्या ताकदीचा उपयोग जवळजवळ नाहीच. समोरचा वाराही याच नियमाने मदत करतो. ताशी 60 किलोमीटर वेगाला उचलणाऱ्या विमानासमोर ताशी 20 किलोमीटरचा वारा असेल तर जमिनीवर त्याला फक्त 40 चा वेग गाठावा लागतो, आणि धाव निम्म्याहूनही कमी होते.

किमान वेग कशावर ठरतो? पंखाचे उत्थापक बल हवेची घनता, वेगाचा वर्ग, पंखाचे क्षेत्रफळ आणि पंख किती उचल देतो हे सांगणारा एक गुणांक यांच्या गुणाकारावर अवलंबून असते, आणि सरळ उड्डाणात ते वजनाएवढे असावे लागते. समजा, विमान 600 किलोचे आहे आणि पंखाचे क्षेत्रफळ 15 चौरस मीटर आहे. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर 40 किलो भार येतो. साध्या पंखाचा महत्तम गुणांक 1.5 च्या आसपास असतो. तेवढा धरला तर समुद्रसपाटीवर या विमानाचा किमान वेग ताशी सुमारे 74 किलोमीटर येतो. तोच गुणांक 2.5 करता आला तर वेग 58 वर उतरतो आणि जमिनीवरची धाव सुमारे 60 टक्क्यांवर येते. यासाठी इंजिनाला हातही लावावा लागला नाही.

गुणांक वाढवण्याचा एक मार्ग म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचे खाली झुकणारे फ्लॅप. ते सर्वांना ठाऊक असतात. मला मात्र पुढच्या कडेचा स्लॅट अधिक विलक्षण वाटतो. मुख्य पंखाच्या नाकापुढे थोडी फट ठेवून बसवलेली ही एक अरुंद वक्र पट्टी असते. जर्मनीचे गुस्ताव लाखमान आणि इंग्लंडचे फ्रेडरिक हँडली पेज यांना ही कल्पना पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस स्वतंत्रपणे सुचली. लाखमान स्वतः स्टॉलमुळे, म्हणजे पंखाची उचल एकाएकी घटल्यामुळे, झालेल्या अपघातात जखमी झाले होते. 1918 साली त्यांनी केलेला पेटंटचा अर्ज आधी नाकारला गेला. पुढे ग्योटिंगेन येथे वायुगतिकीचे अभ्यासक प्रांटल यांच्या प्रयोगशाळेतील चाचण्यांनी कल्पना खरी असल्याचे दाखवून दिले.

स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणे नव्हे. विमान हळू होत जाते तसा वैमानिक नाक वर करून पंखाचा वाऱ्याशी असलेला कोन वाढवतो. कोन मोठा झाला की हवेला पंखाच्या नाकाला जोराने वळसा घालून वर यावे लागते, तेथे तिचा वेग खूप वाढतो आणि दाब खोलवर कोसळतो. पुढे मागच्या कडेपर्यंत जाताना तिला तो दाब पुन्हा भरून काढायचा असतो. पृष्ठभागाला चिकटून वाहणारा पातळ थर, ज्याला सीमास्तर म्हणतात, घर्षणाने आधीच मंदावलेला असतो. पायडल न मारता, केवळ आधीच्या वेगावर चढ चढणाऱ्या सायकलस्वारासारखी त्याची अवस्था होते. चढ फार उंच असेल तर तो मध्येच थांबतो, मागे फिरतो आणि वरचा सारा प्रवाह पंखापासून सुटतो. यालाच स्टॉल म्हणतात.

स्लॅट हे सुटणे कसे लांबवतो? पुस्तकांत दीर्घकाळ असे सांगितले जाई, की फटीतून येणारा वेगवान झोत थकलेल्या सीमास्तराला नवी ऊर्जा देतो. अमेरिकी अभियंते ए. एम. ओ. स्मिथ यांनी 1975 मध्ये या समजुतीची तपशीलवार चिरफाड केली. त्यांचे म्हणणे असे, की स्लॅट हा स्वतःच एक छोटा पंख असून त्याच्याभोवती हवेचे अभिसरण असते, म्हणजे त्याच्या वरच्या बाजूने हवा अधिक वेगाने आणि खालून कमी वेगाने जाते. या अभिसरणाचा परिणाम मुख्य पंखाच्या नाकापाशी पोहोचतो तेव्हा तो तेथील प्रवाहाच्या विरुद्ध दिशेचा असतो, त्यामुळे नाकावरचा वेग घटतो आणि दाबाची ती खोल दरी उथळ होते. दरीच उथळ झाल्यामुळे पुढचा चढही सौम्य होतो. उलट बाजूने मुख्य पंख स्लॅटच्या मागच्या कडेपाशी हवा वेगवान ठेवतो, त्यामुळे स्लॅटवरच्या सीमास्तराला पूर्ण दाब भरून काढावा न लागता तो मध्येच सोडून दिला जातो. आणि मुख्य पंखावर नवा, कोरा सीमास्तर सुरू होतो. वाचकाने हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचला तर वेळ वाया जाणार नाही, कारण प्रवासी जेट विमानाच्या पंखापासून दोन आसनांच्या विमानापर्यंत सर्वत्र हाच व्यवहार चालतो. मात्र फटीची रुंदी चुकली की दोन्ही पंखांचे मंद थर एकमेकांत मिसळतात आणि लाभ निसटतो. घरी विमान बांधणाऱ्यांनी येथे अंदाजाने काम करू नये.

1936 साली उडालेल्या जर्मन श्टोर्ख विमानाला असे कायमचे बसवलेले स्लॅट आणि 26 चौरस मीटरचा पंख होता. क्रिस हाइन्ट्झ यांच्या झेनिथ सीएच 701 या दोन आसनी विमानातही ते कायमचे आहेत. हेलिओ कुरियर या विमानात ते हवेच्या दाबानेच कमी वेगात बाहेर सरकतात आणि वेग वाढला की आत जातात, त्यामुळे लांबच्या प्रवासात त्यांचा अवरोध होत नाही. पण दोन्ही बाजूंचे स्लॅट एकाच वेळी बाहेर आले पाहिजेत, म्हणून देखभाल काटेकोर लागते. पायपर सुपर कब या हलक्या विमानाला मुळात स्लॅट नाहीत. हलके वजन आणि मोठा पंख यांवरच त्याचे भागते.

आता हवेकडे वळू. छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 580 मीटर उंच आहे. मे महिन्यात दुपारी पारा 42 अंशांवर गेला की तेथील हवेची घनता समुद्रसपाटीवरील प्रमाण मूल्याच्या सुमारे 85 टक्के उरते. हवा विरळ, म्हणून उचलण्याचा वेग आठ टक्क्यांनी वाढतो. टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारे यंत्र) नसलेले इंजिन घनता घटते त्याच प्रमाणात किंवा थोडे अधिक मंदावते. प्रॉपेलरलाही पकडण्यास कमी हवा मिळते. सारे मिळून धाव सुमारे 40 टक्क्यांनी लांबते. विक्रेत्यांच्या पत्रकातले आकडे बहुधा समुद्रसपाटीचे आणि 15 अंशांचे असतात. मराठवाड्यात 15 अंश तापमान थंडीतल्या पहाटे मिळते. नव्या विमानाला लिंबू-मिरची बांधून किंवा पंचांगातला मुहूर्त धरून घनता वाढत नाही. मुहूर्त पाहायचाच तर तापमापीवर पाहावा, कारण मे महिन्यातसुद्धा पहाटेची हवा दुपारपेक्षा पाचेक टक्के घन असते आणि त्या वेळी ती शांतही असते.

शांतपणाचा मुद्दा किरकोळ नाही. मोठा पंख आणि हलके विमान हे जोडपे दुपारच्या उकळत्या हवेत फार हेलकावते, आणि आडवा वारा त्याला सहज ढकलतो. कमी वेगाच्या विमानाला ही किंमत द्यावीच लागते. लातूरहून संभाजीनगरला वारंवार जायचे असेल तर असे विमान घेऊच नये, दोन्ही ठिकाणी लांब धावपट्ट्या आहेत.

पण बालाघाटच्या माळावर चारशे मीटरची मुरमाड पट्टी असेल आणि दोन माणसे उन्हाळ्यातही न्यायची असतील, तर माझी पसंती चौरस मीटरला 45 किलोपेक्षा कमी भार, कायमचे स्लॅट आणि रोटॅक्स 914 सारखे टर्बो इंजिन यांना राहील. प्रॉपेलर चढाईसाठी बेतलेला असावा. विक्रेत्याकडून केवळ जमिनीवरच्या धावेचा आकडा न घेता 15 मीटर उंचीचा अडथळा ओलांडेपर्यंतचे एकूण अंतर मागावे, कारण पट्टीच्या टोकाला उसाचे फड, बाभळी आणि विजेच्या तारा असतातच. कोठेही उतरण्यापूर्वी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम आणि जमीनमालकाची संमती पाहावी लागते, हे वेगळे सांगायला नको.

काळ्या रेगूर जमिनीचा मात्र विचार सोडून द्यावा. उन्हाळ्यात तिला पडणाऱ्या भेगांत नाकाखालचे लहान चाक अडकते. मोठ्या, मऊ टायरांचे आणि शेपटीला चाक असलेले विमान तेथे कसेबसे तरते. पावसानंतर ती माती चाकांना अशी धरून ठेवते, की उतरताना धाव फारच आखूड होते आणि उडताना वेग येतच नाही. हलक्या विमानांच्या बाबतीत एरवीही उडण्यासाठी बहुधा उतरण्यापेक्षा अधिक जागा लागते, त्यामुळे ज्या शेतात विमान सुखरूप उतरले तेथून ते उडेलच असे नाही. मग पंख सोडवून ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवावे लागते, आणि म्हणूनच खरेदीपूर्वी पंख किती वेळात सुटतात हेही विचारून ठेवावे.