चांदीचा चमचा विष ओळखत नाही

रानातली अळंबी शिजवताना भांड्यात चांदीचा चमचा किंवा लसणाची पाकळी टाकावी, काळी पडली नाही तर खुशाल खावी, हा समज साफ खोटा आहे. चांदी काळवंडते ती गंधकाच्या काही संयुगांमुळे. ‘डेथ कॅप’ या जीवघेण्या अळंबीतल्या अमाटॉक्सिन या विषाने चमच्यावर डागही पडत नाही. हे विष उकळून, तळून, वाळवूनही जात नाही. गोगलगाईने कुरतडलेली अळंबी चालते, हीही तशीच थाप. डेथ कॅप खाल्ल्यावर उलट्या-जुलाब सहसा ६ ते २४ तासांनी सुरू होतात. मग थोडं बरं वाटतं, आणि नेमकं तेव्हाच यकृत निकामी होत असतं. जाणकाराने प्रजाती खात्रीने ओळखली नसेल, तर अळंबी टाकून द्या.